दहा दिवस काहीच न करण्याचा बेत

४ ऑक्टोबर

प्रिय छोट्या,

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकला असशील. अक्षर वहिनीचं नाही, माझंच आहे. एकोणीस वर्षांत दादाने एक ओळ टाकली नाही आणि आता लिहितोय तेही काम निघालं म्हणून, असं तू म्हणशील. म्हण. एवढं ऐकून घ्यायची माझी तयारी आहे.

काम असं, की गेल्या तीस तारखेला मी निवृत्त झालो. एकेचाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून लोकांना वर-खाली पोचवलं, आता तुझ्या वहिनीने फर्मान काढलंय की दहा दिवस समुद्रकाठी जाऊन पडायचं. समुद्रकाठ म्हणजे तुझंच बेट, दुसरं चालणार नाही. तू तिथे किनाऱ्यावर चार खोल्या भाड्याने देतोस हे ती मला आता सांगते. ती दरवर्षी तुला पत्र टाकते आणि मला ताकास तूर लागू देत नाही, असं तिला वाटतं. मीही तिला तसं वाटू देतो.

बोट दोन नोव्हेंबरची आहे. तेव्हा तिकडे हवा कशी असते? एजंटाच्या माहितीपत्रकात सगळीच चित्रं निळी आहेत, त्यावरून काही कळत नाही. पाणी किती खोल आहे? हे विचारायचं कारण म्हणजे तुझी वहिनी गेले तीन महिने बहिणीकडे जाते सांगून पोहण्याच्या तलावावर जातेय. पाठीवर तरंगायला शिकलीय. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. ओले केस घेऊन घरी येते आणि बहिणीकडे नळ फुटला होता म्हणते. तीन महिने नळ फुटतोय.

मी तिथे काय करायचं याचा तक्ता बनवला होता. सात ते नऊ काही नाही, नऊ ते अकरा सावलीत काही नाही, असा. तिने तो फाडला. काहीच न करायला तक्ता लागतो त्या माणसाने घरीच बसावं, म्हणाली.

एक गोष्ट आधीच लिहून टाकतो, म्हणजे बोटीतून उतरल्यावर अवघडल्यासारखं व्हायला नको. त्या शिंप्याच्या अपघाताबद्दल मी तुला कधी दोष दिला नाही. लिफ्टमध्ये टेस्टिंगची वायर राहिली, शिंप्याचा पाय गेला, तुझा परवाना गेला आणि तू हे गाव सोडून गेलास. वाईट झालं. पण विसरायला कोणाकडूनही होतं. आता आपण दोघं म्हातारे झालो, तो विषय काढायचा नाही. तूही काढू नकोस.

खोलीचं कळव.

तुझा,
दादा

९ ऑक्टोबर

प्रिय छोट्या,

तुझं कार्ड आलं. मोजून चार ओळी. ‘पश्चिमेची खोली घ्या, वारा कमी लागतो. शंभर पावलांपर्यंत पाणी कमरेएवढं आहे. डास आहेत. वहिनींना टोपी आणायला सांग.’ वहिनीने ते कार्ड आरशाच्या कडेला खोचून ठेवलंय आणि टोपी त्याच दिवशी घेतली. गवताची, सुपाएवढी. घरात घालून हिंडते. दारातून आडवं व्हावं लागतं तिला.

मी आज वेगळ्याच गोष्टीसाठी लिहितोय. दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही. ज्याला कळेल असा माणूस तूच उरलास.

काल सकाळी वहिनी म्हणाली, तुमची ती कामाची पिशवी रिकामी करा, ओले टॉवेल ठेवायला बरी पडेल. मी पेपर अंथरून सगळं बाहेर काढलं. पाने, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, तेलाची बुधली. आणि लाल वायरी. त्या पाच निघाल्या.

सहा पाहिजेत, छोट्या. तुला आठवतं ना, उस्तादांनी काम शिकवताना आपल्याला सहा-सहाच करायला लावल्या होत्या. वीतभर वायर, दोन टोकांना दोन चिमटे. त्यांचं बोलणं अजून कानात आहे: ‘ही लिफ्टला खोटं सांगणारी वायर आहे. दार उघडं असताना दार लागलंय असं लिफ्टला हिच्यामुळे वाटतं, म्हणून ती चालते. आपल्याला तपासायला तेवढंच पाहिजे. पण आपण गेल्यावर ती खोटं बोलत राहिली तर माणूस मरेल.’ म्हणून त्यांचा तो नियम होता. वायर लावली की डावा बूट काढायचा आणि वर मशीन रूममध्ये कंट्रोलरच्या पेटीखाली ठेवायचा. वायर काढल्याशिवाय बूट घालायचा नाही. दुसऱ्या कंपनीचे मेकॅनिक आपल्याला हसायचे, एका पायाचे बगळे म्हणायचे. उस्ताद म्हणायचे, हसू द्या, एका बुटाने घरी कोणी जात नाही.

मी पिशवी उलटी करून झटकली. कपाट पाहिलं, जुन्या पँटींचे खिसे पाहिले, पलंगाखाली आडवा झालो. वहिनीने विचारलं, काय हरवलं? म्हटलं, चष्मा. चष्मा नाकावर होता.

ऑगस्टअखेर मी वायरी मोजल्या होत्या तेव्हा सहा होत्या, हे पक्कं आठवतं. म्हणजे गेली असेल तर सप्टेंबरच्या शेवटच्या फेरीत. त्या फेरीत माझ्याकडे अकरा लिफ्ट होत्या. कुठेतरी पडली असेल. वायर आहे, पडू शकते. पण कालपासून चारदा मोजून झाल्या, पाचच. उद्यापासून एकेका इमारतीत जाऊन येतो. कोणाला सांगणार नाही. निरोप घ्यायला आलो म्हणेन.

समुद्रात जेलीफिश असतात का ते वहिनी विचारतेय.

दादा

१५ ऑक्टोबर

प्रिय छोट्या,

दहा झाल्या. दहाही ठीक आहेत.

मशीन रूमच्या किल्ल्या मी ऑफिसात परत केल्यात, तेव्हा एकच उपाय होता, आणि तू तो ओळखलाच असशील. आत शिरायचं, वरचं बटण दाबायचं आणि दोन मजल्यांच्या मध्ये जाळीचं दार हाताने सरकवायचं. लिफ्ट झटका देऊन थांबली तर बरं. चालत राहिली तर वायर तिथे आहे.

हजारो वेळा केलं असेल हे मी. पण दर वेळी वायर काढलेली आहे हे माहीत असायचं. आता जाळीवर हात ठेवतो आणि बोटं ऐकत नाहीत. पहिल्या दिवशी दातांच्या डॉक्टरांच्या इमारतीत तीन वेळा खाली-वर केलं, मग सरकवली. थांबली. मी आतच भिंतीला टेकून उभा राहिलो. डॉक्टर दारात भेटले, म्हणाले, ‘काय हो, घाम फुटलाय. दात दुखतोय?’ हो म्हटलं. त्यांनी धरून खुर्चीत बसवलं आणि एक दात हलतोय म्हणून सांगितलं. निवृत्तीनंतर हा उद्योग.

एका ठिकाणी आत भाजीच्या पिशव्या घेऊन बाई होत्या, लिफ्ट मध्येच थांबल्यावर त्यांनी जी आरडाओरड केली! मी त्यांची माफी मागितली आणि मनातून त्यांच्या पाया पडलो, की लिफ्ट थांबली.

सकाळी पेपर आला की मी आधी शहराचं पान उघडतो. अपघात, पडझड, ‘इमारतीत मृत्यू’. ते पान नीट वाचून झालं की चहा घशाखाली उतरतो. शेजारच्या रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली तर ती कुठे वळते ते गॅलरीत जाऊन पाहतो. वहिनीला वाटतं मला बोटीची भीती वाटतेय. ती मला समजावते, की बोट मोठी असते, तिच्यात खुर्च्यासुद्धा असतात.

अकरावी पाहिली नाही. तिथे गरज नाही. पाच मजल्यांची जुनी इमारत, तिसऱ्या मजल्यावर पाळणाघर आहे ती. तिथे मी चोवीस सप्टेंबरला होतो आणि त्या लोकांनी माझा निरोप समारंभ ठेवला होता. मी वर काम करत होतो, वायर लावलेली होती, बूट काढलेला होता, आणि वॉचमन बोलवायला आला की सगळे खाली थांबलेत. मी एका मोज्यावर पाच मजले उतरून आलो. पायऱ्या गार होत्या, अजून तळव्याला आठवतात. पाळणाघरातली पोरं हसली. म्हणजे बूट वरच होता. म्हणजे तो घ्यायला मी परत वर गेलो असणार, आणि वर गेलो म्हणजे वायर काढलीच असणार. बुटाचा नियम खोटा ठरत नाही.

परत वर गेलेलं मात्र आठवत नाही. पण घरी आलो तेव्हा दोन्ही बूट पायात होते.

पश्चिमेच्या खोलीला खिडकी समुद्राकडे आहे की मागे? वहिनी म्हणते, पलंगावरून पाणी दिसलं पाहिजे.

दादा

१९ ऑक्टोबर

छोट्या,

आज सकाळी त्या इमारतीच्या लोकांनी माझा फोटो पाठवला. चौकटीत बसवून, खाली ‘आपले मिस्त्रीकाका’ असं लिहून. मधोमध मी, हातात फुलांचा गुच्छ. आणि पायात दोन्ही बूट.

फोटोच्या कोपऱ्यात वॉचमन उभा आहे. त्याला पाहिलं आणि सगळं आठवलं. मी एका मोज्यावर आलो तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, ‘मिस्त्री, असा फोटो काढायचा? लोक काय म्हणतील!’ आणि वॉचमन धावत वर गेला, मशीन रूमला कुलूप घालून माझी पिशवी आणि बूट घेऊन आला, वाकून मला बूट घालायला लागला. मी म्हटलं, अरे, मी घालतो. आणि घातला. मग भाषण झालं, चहा झाला, पोरांनी कागदाची फुलं दिली, माझे डोळे भरून आले, आणि मी दोन्ही बुटांनी घरी आलो. त्या भल्या माणसाला काय ठाऊक तो बूट तिथे कशासाठी ठेवलेला असतो!

 मी फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. वहिनीला म्हटलं जरा फिरून येतो.

गेलो. लिफ्टमध्ये एकटाच चढलो. पहिला मजला गेला. जाळीवर हात ठेवला. दुसरा गेला. मग सरकवली.

थांबली नाही, छोट्या. भिंत माझ्या नाकासमोरून खाली जात राहिली. तिसऱ्या मजल्यावर पाळणाघराचं दार, बाहेर छोट्या चपलांची रांग. चौथा. पाचवा. जाळी सताड उघडी आणि लिफ्ट आरामात चाललेली. पंचवीस दिवस ती अशीच चाललीय.

खाली येऊन मी मेन स्विच पाडला, पुठ्ठ्यावर ‘लिफ्ट बंद आहे’ लिहून दाराला अडकवला आणि घरी आलो.

हो, घरी आलो. ऑफिसला फोन केला नाही. त्या इमारतीचा करार गेल्या महिनाअखेर संपलाय, नव्या कंपनीचा माणूस एक तारखेला येणार आहे, मशीन रूमची किल्ली ऑफिसने सेक्रेटरींकडे दिलीय. उद्या सकाळी त्यांच्याकडे जातो, वर चष्मा राहिलाय म्हणतो, किल्ली घेतो आणि वायर काढून आणतो. दोन मिनिटांचं काम आहे. कोणाला काही कळायची गरज नाही. कोणाला काही झालेलं नाही.

तुला हे का लिहितोय ते मलाच कळत नाही. अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

दादा

२० ऑक्टोबर, दुपारी

छोट्या,

हे मी ऑफिसच्या बाकावर बसून लिहितोय. साहेब आत टाइप करवून घेतायत, सही करून जा म्हणाले आहेत. वाट बघताना हाताला काहीतरी काम पाहिजे, म्हणून लिहितो.

सकाळी साडेसातला इमारतीत पोचलो तर पुठ्ठा जमिनीवर आणि लिफ्ट चालू. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांना चाकाच्या खुर्चीतून दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून वॉचमनने स्विच चालू केला. ‘बघा काका, चालली की नाही? उगीच बंद ठेवली होती,’ म्हणाला. त्याला आनंद झाला होता.

सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, ‘चष्मा तर तुमच्या डोळ्यांवर आहे.’ म्हटलं, दुसरा. म्हणाले, ‘नव्या कंपनीचं पत्र आल्याशिवाय मशीन रूम उघडायची नाही असं मीटिंगमध्ये ठरलंय. एक तारखेला या.’ एक तारीख म्हणजे बारा दिवस.

मग मी काय केलं माहीत आहे? स्विच पुन्हा पाडायचा होता. सांगायचं होतं. ते केलं नाही. मी लिफ्टमध्ये जाऊन उभा राहिलो. आज मीच चालवतो, जाळी जरा कुरकुरतेय, असं सगळ्यांना सांगितलं. प्रत्येकाला आत घ्यायचं, जाळी स्वतःच्या हाताने लावायची, धरून ठेवायची, उतरवायचं. लोक खूश. एक बाई म्हणाल्या, निवृत्त झाल्यावरसुद्धा किती जीव लावता हो! मी हसलो. माझ्या मनात चाललं होतं, की असे बारा दिवस काढता येतील. बोट दोन तारखेची. बारा दिवस मी या डब्यात उभा राहीन, मग नव्या माणसाच्या आधी वर जाईन. खरंच असा हिशेब करत होतो. भीतीने माणूस किती मूर्ख होतो ते लिहून ठेव कुठेतरी.

सव्वानऊला तळमजल्यावर पाळणाघरातली एक चार वर्षांची पोरगी आईचा हात सोडून धावत आली. मी जाळी उघडून धरली होती. तिने एक पाय आत टाकला आणि वरून कोणीतरी बटण दाबलं. लिफ्ट उचलली गेली. अर्धा पाय आत, अर्धी पोरगी बाहेर. मी तिचा फ्रॉक धरून तिला आत ओढलं, इतक्या जोरात की आम्ही दोघं मागच्या भिंतीवर आदळलो. तिच्या एका पायातली चप्पल खाली खड्ड्यात पडली. चप्पल पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. मग पोरगी रडायला लागली.

दुसऱ्या मजल्यावर उतरून मी तिला जिन्याने धावत आलेल्या आईकडे दिलं, खाली आलो, स्विच पाडला आणि स्विचला पाठ लावून जमिनीवर बसलो. वॉचमनला म्हटलं, माझ्या ऑफिसला फोन लाव. साहेब येईपर्यंत कोणी कितीही बोललं तरी मी इथून उठणार नाही.

साहेब वीस मिनिटांत आले. सेक्रेटरींकडून किल्ली घेतली. आम्ही दोघं वर गेलो. पेटी उघडली. लाल वायर जागेवर होती, दोन्ही चिमटे घट्ट, मीच लावलेले. मी ती काढली आणि साहेबांच्या हातात दिली. खिशात घातली नाही. खिशात घातली नाही हे मी मुद्दाम लिहितोय. का ते पुढच्या पत्रात लिहीन. आज जमत नाही.

साहेब जिना उतरताना म्हणाले, ‘तेव्हा तुमच्या भावाकडून, आता तुमच्याकडून. घराण्यातच आहे का हो हे?’ ते चिडून नाही, चेष्टेने म्हणाले. मी त्यांना पुढे जाऊ दिलं.

२३ ऑक्टोबर

छोट्या,

तीन दिवस कोरा कागद पुढ्यात घेऊन बसतोय. कालच वहिनीला सगळं सांगितलं. आज तुला सांगतो. आधी तुलाच सांगायला पाहिजे होतं, पण मला तुझी जास्त भीती वाटते.

शिंप्याच्या लिफ्टमध्ये राहिली ती वायर तुझी नव्हती. माझी होती.

त्या सकाळी आपण दोघांनीही वायर लावली होती. तू तुझी तपासणी करून काढलीस. मी माझी लावून बूट काढला, आणि मग तू खालून ओरडलास की खड्ड्यात पाणी साठलंय, बघायला ये. घोट्यापर्यंत पाणी होतं, एका बुटाने कसं उतरणार? पाच मिनिटांचा प्रश्न आहे म्हणून बूट घातला. पाणी उपसायला दोन तास गेले. दोघं चिखलाने माखलो, हसलो, तू वहीत सही केलीस कारण त्या आठवड्यात सहीची पाळी तुझी होती, आणि आपण पुढच्या इमारतीत गेलो.

चार वाजता निरोप आला. तू शिंप्यापाशी थांबलास. त्याच्याच कापडाच्या ठाणातलं कापड फाडून तू त्याचा पाय बांधत होतास. मी वर धावलो. पेटी उघडली. वायर होती. तिला हिरव्या दोऱ्याची गाठ होती. माझ्या सगळ्या वायरींना आहे, तुझ्या निळ्या. मी ती काढली आणि खिशात घातली.

खाली आलो तेव्हा तू मान वर करून विचारलंस, ‘दादा, होती?’

मी म्हटलं, ‘होती.’

कोणाची, ते तू विचारलं नाहीस. तू तुझी काढल्याचं तुला नीट आठवत नव्हतं, आणि तुझा चेहरा मी बघत होतो, तू मनात ठरवून टाकलंस की ती तुझीच. तुझी पिशवी त्याच संध्याकाळी ऑफिसात जमा झाली, तुझ्या वायरी कोणी मोजल्याच नाहीत. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. तपासनीसापुढेही मी तेवढंच सांगितलं, वर वायर होती, मी काढली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. एकोणीस वर्षं मी स्वतःला हेच समजावलं, की मी खोटं कुठे बोललो? घरी मुलं लहान होती, आई आजारी होती, तुझं लग्न झालेलं नव्हतं, तुला एकट्याला जमेल. अशी कारणं मिळतात. मागितली तेवढी मिळतात. तुझ्या डोक्यावर खापर फुटलं आणि मी मूग गिळून बसलो.

आणि चार ऑक्टोबरला मी तुला लिहिलं, की मी तुला कधी दोष दिला नाही. ते पत्र जाळून टाक. नको, ठेव.

आता अठ्ठावीस तारखेला तपासनीसापुढे माझा जबाब आहे. फॉर्मवर एक प्रश्न आहे, ‘आपल्या हातून असा प्रकार पूर्वी घडला आहे काय?’ मी ‘होय’ लिहिलं आणि तारीख घातली, इमारत घातली, वायर कोणाची ते घातलं. त्याची नक्कल सोबत आहे. तुझा परवाना आता परत मिळून काय उपयोग, मला कळत नाही. पण नाव साफ होईल.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. तिने विचारलं, ‘त्याला माहीत आहे?’ नाही म्हटलं. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. पण तिचं सामान भरणं चालू आहे. माझे कपडे पलंगावर वेगळे ठेवलेत, भरलेले नाहीत, परत कपाटातही ठेवलेले नाहीत.

मला भीती वाटते, छोट्या. तपासनीसाची नाही. धक्क्यावर तू उभा असशील आणि मला बघून वळून चालायला लागशील, याची वाटते. आणि तू वळला नाहीस, जवळ आलास, तर काय बोलायचं, याची त्याहून जास्त वाटते. समुद्रकाठी पडून राहायचा बेत होता. मी तर आता खुर्चीतसुद्धा नीट बसू शकत नाही.

येऊ की नको, एवढं कळव. कार्डावर चार ओळी पुरेत.

दादा

२७ ऑक्टोबर

दादा,

पत्र काल मिळालं. मी ते घेऊन किनाऱ्याच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. बायको जेवायला हाका मारत होती. मग तिलाही वाचायला दिलं.

हे बेट मी समुद्रासाठी निवडलं नव्हतं. इथे दोन मजल्यांपेक्षा उंच घर नाही, म्हणून निवडलं. इथे एकही लिफ्ट नाही. रोज खोल्यांना कुलूप लावतो आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन ओढून बघतो. शेगडी बंद केली का ते तीनदा बघतो. मुलगी लहान होती तेव्हा तिला कडेवर घेऊन पाण्यात गेलो नाही. माझ्या हातांचा भरवसा नाही, असं बायकोला सांगितलं होतं. मुलगी आता सोळा वर्षांची आहे. तुझं पत्र वाचून बायको म्हणाली, ‘म्हणजे तुमच्या हातांना काही झालंच नव्हतं.’ एवढंच म्हणाली आणि उठून गेली.

मला तुझा राग येईल असं वाटलं होतं. अजून आलेला नाही, येईल. आत्ता नुसता स्वतःच्या हातांकडे बघत बसतो.

एक गोष्ट तुला माहीत नाही. मी शिंप्याला दरवर्षी पत्र लिहीत होतो. त्याच दिवशी, त्याच तारखेला. माझ्या हातून झालं, मला क्षमा करा, एवढंच. सहा वर्षं उत्तर आलं नाही. सातव्या वर्षी आलं. त्याने लिहिलं होतं, की पायाने चालवायचं मशीन विकून मोटरचं घेतलं, काम बरं चाललंय, पोरगी नर्स झाली. आणि शेवटी, ‘तुमच्याबद्दल माझ्या मनात आता काही नाही. पुन्हा लिहू नका, सुखाने राहा.’

ते पत्र मी बारा वर्षं उशीखाली ठेवून झोपलो. त्याच्यावरच जगलो म्हण. या पाकिटात ते घातलं आहे. पत्ता मागे आहे. ते माझं नाही. ज्या माणसासाठी त्याने लिहिलं तो माणूस मी नव्हतो.

जबाब झाला की ते घेऊन त्याच्याकडे जा. कोणाला बरोबर नेऊ नकोस. कोणाची वायर होती ते सांग, हे पत्र त्याच्या हातात दे, आणि यात लिहिलंय ते तुला लागू करायचं का, हे त्याला विचार. तो चिडेल. कदाचित मलाही दोन शब्द बोलेल. ऐकून घे.

वहिनींची पश्चिमेची खोली तयार आहे. पलंगावरून पाणी दिसतं, मी तो हलवून घेतला. जेलीफिश या दिवसांत नसतात. दोन तारखेला मी धक्क्यावर येईन आणि त्यांना घेऊन जाईन. तरंगायला येतं ना त्यांना, मग भिऊ नका म्हणावं. त्या पाण्यात जातील तेव्हा मी बरोबर जाईन.

तुझ्यासाठी त्यानंतर दर गुरुवारी बोट आहे. शिंपी नाही म्हणाला, तरी ये. त्याला विचारल्याशिवाय मात्र येऊ नकोस.

छोट्या